गिऱ्हाइकाच्या बाजूचा मॉनिटर

अण्णा, चौकात तुमचा बोर्ड लागला आहे आणि तो तुम्हाला आवडला नसता.

व्यापाऱ्यांनी घाईने लावला, बसस्टँडजवळच्या नव्या दुकानातून करून आणून. फोटो कुठल्या तरी सत्काराच्या गर्दीतून कापलेला आहे. कापणाऱ्याने तुम्हाला तेवढं सोडवलं, पण तुमच्या डाव्या खांद्यावर ठेवलेला कुणाचा तरी हात तसाच राहिला. नुसता हात. मनगटावर घड्याळ आहे, आणि मनगटाच्या पुढे थेट निळं आकाश आणि ढग सुरू होतात. येणारे-जाणारे थांबतात, नमस्कार करतात, मग त्या हाताकडे लक्ष गेलं की जरा लवकर निघतात. खाली शोकाकुल मंडळींचे फोटो आहेत आणि ते तुमच्या फोटोपेक्षा मोठे आहेत. तुमचा नियम साधा होता : "मेलेल्याचं डोकं जित्याच्या डोक्यापेक्षा मोठं पायजे. न्हायतर लोकाला कळत न्हाय नेमकं कोण गेलं." हा नियम न पटलेले पुढारी तुमच्याकडून उठून दुसरीकडे जायचे, आणि तुम्ही त्यांना चहा पाजून जाऊ द्यायचा.

तुमच्या नावाच्या वर 'तालुक्यातील डिजिटल क्रांतीचे शिल्पकार' असं लिहिलं आहे. तुम्ही लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं आणि श्रद्धांजलीचे बोर्ड करत होता. परंड्यात क्रांती झालीच असेल तर मी त्या दिवशी दुकानात नव्हतो, आणि मी तर रोज असायचो.

हे सगळं तुम्हाला सांगावं म्हणून मी चौकातून सरळ तुमच्या दुकानाकडे वळलो. बंद शटर दिसलं तेव्हा थांबलो. राग आला तो तुमचाच. इतकी चांगली चूक हाती लागावी आणि दाखवायला माणूस नसावा, हे काही बरं नाही.

आपली ओळख चुकांमुळेच झाली. मी हायस्कूलवर मराठी शिकवायचो. मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ तपासायला तुमच्याकडे येऊन बसलो, तो निवृत्त झालो तरी उठलो नाही. बसायची जागा ठरलेली, टेबलाच्या पलीकडची गिऱ्हाइकाची खुर्ची. त्या खुर्चीसमोर तुम्ही एक जुना चपटा मॉनिटर लावला होता. एक मॉनिटर तुमच्याकडे तोंड करून, दुसरा गिऱ्हाइकाकडे. तुमच्या पडद्यावर मजकूर जुळवायचा आणि तयार झाला की माउसने धरून उजवीकडे ओढायचा. तो तुमच्या पडद्याच्या कडेला बुडायचा आणि पलीकडे गिऱ्हाइकासमोर उगवायचा.

"आता बघा आन् बोला," तुम्ही म्हणायचा. "आत्याचं नाव ऱ्हायलं, मामा आधी आला, काय आसंल ते आता. छापल्यावर बोलायचं न्हाय."

लोक आ वासून बघत बसायचे. आपल्या बापाचं नाव काचेतून वर येताना बघणं ही तेव्हा मोठी गोष्ट होती.

मग एका उन्हाळ्यात विजेचा दाब वाढला आणि तो मॉनिटर जळाला. तुम्ही तो भंगारात दिला. नवा घेतला नाही, कारण तोवर गिऱ्हाइकं मोबाइलवर प्रूफ मागायला लागली होती. मॉनिटर गेला, पण त्याची तार राहिली. कॉम्प्युटरच्या पाठीमागे तिचे स्क्रू गंजून बसले होते. दुसरं टोक टेबलामागे जमिनीपर्यंत लोंबत राहिलं.

आणि कॉम्प्युटरला मॉनिटर गेल्याचं कळलंच नाही.

शाळेत पहिला संगणक आला तेव्हा, इंग्रजी पुस्तिका वाचता येते या एकाच गुन्ह्याबद्दल, तो माझ्या गळ्यात बांधला गेला होता. त्यामुळे तुमच्या यंत्राचं दुखणं मला लगेच समजलं. सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसत होते, एकावर मोठा एकचा आकडा, दुसऱ्यावर दोनचा. मी तुम्हाला समजावून सांगितलं. पडद्याला चित्र पाठवणाऱ्या जुन्या कार्डाला समोर मॉनिटर आहे की नाही हे दिसत नाही. ते तारेत थोडी वीज सोडून बघतं. पलीकडे कुणी ती घेतली की त्याला वाटतं, आहे बाबा कुणीतरी. तारेच्या टोकाला ओल धरली, गंज चढला, की मोकळी तारही तशीच भासते.

तुम्ही नीट ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजी पलीकडून कुणीतरी घेतंय."

"कुणी घेत नाही अण्णा, गंज आहे."

"तेच की. घेतंय म्हणून तर त्याला वाटतंय."

मी तारेचं टोक स्पिरिटने पुसलं. यंत्र बंद करून पुन्हा लावलं. चौकोन दोनच. हे मात्र मला आजही नीटसं समजलेलं नाही, आणि समजलंय असा आव मी तेव्हा आणला होता, तो तुम्ही ओळखला होता.

त्या दिवसापासून तुमच्या दुकानात उजवीकडे एक जागा होती, जी नव्हती. माउसचा बाण पडद्याच्या कडेला जाऊन थांबायचा नाही, सरळ पलीकडे निघून जायचा आणि मग तो कुठे फिरतोय हे कळायचं नाही. फोटोचं सॉफ्टवेअर उघडलं की ते तिकडेच उघडायचं. जिथे शेवटी बंद केलं तिथेच उघडायचं ही त्याची सवय. आणि कधी कधी, तुम्ही शांतपणे काहीतरी टाइप करत असताना, 'टिंग' असा आवाज यायचा. यंत्र प्रश्न विचारायचं. प्रश्नाची चौकट तिकडे, न दिसणाऱ्या पडद्यावर. उत्तर मिळेपर्यंत इकडचं सगळं गोठून राहायचं. तुम्ही रिकाम्या जागेकडे बघून एंटर दाबायचा आणि काम पुढे सुरू व्हायचं.

"काय विचारलं त्याने?" मी म्हणायचो.

"काय की. व्हय म्हणून टाकलं."

"काय विचारलंय ते न बघता हो म्हणायचं?"

"सर, तुमी आमदाराच्या सभेत काय करता?"

एक टिक काढायची होती, अण्णा. सेटिंगमध्ये दुसऱ्या चौकोनावर टिचकी मारायची, खालची बारीक टिक काढायची, बस. तिकडे जे काही असेल ते सगळं मुकाट्याने इकडच्या पडद्यावर आलं असतं. मी हे तुम्हाला किती वेळा सांगितलं! एकदा तर मी तुमच्या खुर्चीवर बसून बाण टिकेपर्यंत नेला, आणि तुम्ही माझा हात धरलात. गमतीने नाही. चांगला दाबून धरलात.

"ऱ्हाऊ द्या."

"का पण?"

"खुर्ची मोकळी दिसली म्हंजी कुणी बसलं न्हाय आसं थोडंच आसतंय."

मला राग आला. शाळेत आयुष्यभर मुलांना भानामती, करणी, अंगात येणं यातला फोलपणा सांगत आलो, आणि माझा रोजचा चहाचा सोबती एका बिघडलेल्या कार्डाची भुताटकी करतो? मी तुम्हाला बरंच बोललो. तुम्ही चहा मागवलात. तो वाद तिथेच राहिला. पुढे आपण तो वरचेवर काढायचो, पण आपल्यापैकी कुणीच तो संपवायला तयार नव्हतं. संपवून मग दुपारी बोलायचं कशावर?

परवा मनीषाचा फोन आला. तुमची मनीषा, नळदुर्गला दिलेली, तुमच्यामागे आईजवळ थांबली आहे. म्हणाली, "काका, जरा दुकानात या. कॉम्प्युटर आपोआप सुरू होतोय."

मी लगेच गेलो. दुकान तुमच्या घराच्या पुढच्या खोलीतच, त्यामुळे त्यांना आवाज येतो. दुपारची लाइट जाते, परत येते, आणि बंद शटरच्या आत पंखा घरघरायला लागतो. मग 'टिंग'. मनीषा सांगताना हसत होती, पण स्वयंपाकघराचं दार तिने लावून घेतलं होतं. मी तिला सांगितलं की भिण्यासारखं काही नाही, वीज आली की आपोआप चालू व्हायचं हे अण्णांनीच लावून ठेवलं होतं. हे खरं आहे. वहिनींना ते पटलं नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

मनीषाला तुमचा फोटो हवा होता. चौकातल्या बोर्डावरचा हात तिला बघवत नाही. तेराव्याला भिंतीवर लावायला चांगला फोटो पाहिजे, आणि तो कॉम्प्युटरमध्ये आहे हे तिला ठाऊक होतं. मागच्या दिवाळीत तुम्हीच तिला सांगितलं होतं, गावाचे फोटो साफ करता करता स्वतःचाही एक करून ठेवलाय म्हणून. तिने फाइल शोधून काढली होती. उघडायला गेली की ती तिकडे उघडत होती. इकडच्या पडद्यावर काहीच नाही. बाप समोर आहे आणि दिसत नाही, असं ती म्हणाली. मग डोळे पुसून म्हणाली, "काका, तुम्ही म्हणायचा ना, एक टिक काढायची म्हणून? काढा की. आता कोण अडवतंय?"

मी तुमच्या खुर्चीवर बसलो. सेटिंग उघडलं. एक आणि दोन. दोनवर टिचकी मारली, बाण खाली आणला.

"ते काढू नका सर," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, काही होत नाही. जुना बिघाड आहे."

"बिघाड आसू द्या. तिकडं मान्सं हायती."

मनीषा म्हणाली, "आई, गप ना."

"कोण माणसं?" मी विचारलं.

"जित्ती."

मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं अर्धं मला माहीत होतं, अण्णा. बाकीचं अर्धं तुम्ही माझ्यापासून लपवलंत, आणि रोज माझ्यासमोर बसून लपवलंत.

माहीत होतं ते असं. आपल्याकडे माणूस अत्यवस्थ झाला की बार्शीला नेतात. बार्शीला नेलं म्हणजे अजून काही नाही. पण 'बार्शीहून सोलापूरला हलवलं' असं कानावर आलं की तुम्ही चष्मा पुसायचा, लग्नाच्या जुन्या कामातून त्या माणसाचा फोटो शोधायचा आणि बोर्ड जुळवून ठेवायचा. यात दुष्टपणा नव्हता. बातमी आली की नातलग गाडीवरून उतरायच्या आत बोर्ड मागायचे, आणि अंत्ययात्रेआधी तो चौकात दिसला नाही तर घरच्यांना वाईट वाटायचं आणि भाऊबंदांना बरं. म्हणून तुम्ही सगळं तयार ठेवायचा, फक्त तारीख मोकळी. धंद्याची रीत होती ती.

पण सगळेच काही जात नाहीत. काही सोलापूरहून परत येतात. त्यांच्या बोर्डाचं काय करायचं, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. मला वाटायचं तुम्ही पुसून टाकत असाल.

"पुसायचं कसं?" वहिनी म्हणाल्या. "जित्या मानसाला पुसायचं व्हय? ते म्हणायचे, माज्या हातानं न्हाय व्हायचं. आन् इकडं ठिवावं तर गिऱ्हाईक बघतंय. सोताचंच नाव दिसलं तर? मंग ते तिकडं सरकवायचे. म्हणायचे, तिकडं हाय तवर त्येला काय होत न्हाय."

"असं कुठं असतं का आई?" मनीषा म्हणाली.

"शिंप्याचं काय झालं मंग?"

म्हातारे शिंपी मला आठवत होते, कसबा गल्लीतले. ते सोलापूरहून परत आले होते, पुन्हा मशीनवर बसले होते. तुम्हाला त्यांच्या बोर्डाची झेंडूची महिरप दुसऱ्या कामासाठी हवी होती, म्हणून तुम्ही तो इकडे ओढलात, महिरप घेतलीत आणि बोर्ड परत सरकवायचा विसरलात. शिंपी त्याच आठवड्यात गेले. वहिनींनी हे माझ्याकडे न बघता सांगितलं. मी म्हणालो, ऐंशी ओलांडलेला दमेकरी माणूस कधीतरी जाणारच होता. त्या म्हणाल्या, व्हय, ते बी आसंच म्हणायचे, आन् मंग दुसऱ्या कुणाला इकडं आणायचे न्हाईत.

मग पदराने तोंड पुसून त्या म्हणाल्या, "सुमनताई बी तिकडंच हायती, सर."

अण्णा, माझी बायको सुमन एका वर्षी डेंग्यूने पडली. आधी बार्शी, मग सोलापूर. मी तिकडे दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो. ती वाचली. घरी आल्यावर तुम्ही डाळिंबं घेऊन भेटायला आलात आणि तिच्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोललात. त्यानंतर दुकानात मी पाऊल टाकलं की तुम्ही पहिल्यांदा विचारायचा, "वहिनी बऱ्या हायती ना?" आणि मी हो म्हणायच्या आतच तुमची नजर उजवीकडे, पडद्याच्या कडेपलीकडे जायची. मला वाटायचं मान अवघडली आहे.

आता तुमच्या खुर्चीवर मी होतो, बाण टिकेवर होता आणि बोट माउसवर. टिक काढली की तिकडचं सगळं इकडे येणार. हेच वाक्य मी तुम्हाला वर्षानुवर्षं ऐकवत आलो होतो. कार्ड जुनं आहे. तार गंजली आहे. शिंपी म्हातारे होते. सगळी कारणं मला पाठ होती आणि सगळी बरोबर होती. त्यातलं एकही माझं बोट खाली ढकलायला तयार नव्हतं.

मनीषा वाट बघत होती. तिला बापाचा चेहरा हवा होता. त्यात गैर काय होतं?

मी उठलो. "मॉनिटर घेऊन येतो," म्हणालो.

"कशाला? एक टिक काढायची तर होती."

"हो. येतो मी."

माझ्या घरी मुलाने टाकून दिलेला एक मॉनिटर माळ्यावर होता. तो चादरीत गुंडाळून रिक्षाने आणला. सुमनने विचारलं तेव्हा म्हणालो, मनीषाला फोटो काढून द्यायचाय. टेबलामागे वाकून तुमची ती लोंबणारी तार धरली. धरताना वाटलं की ही पलीकडून ओढली जाईल. गेली नाही. तार मॉनिटरला जोडली. यंत्राला इतकी वर्षं जे वाटत होतं ते खरं करून दिलं, एवढंच.

पडदा उजळला.

पहिल्यांदा दिसली ती एक चौकट. टिंग करून विचारलेला प्रश्न, उत्तराची वाट बघत मधोमध उभा. यंत्राला एक नवं उपकरण सापडलं होतं. ते काय आहे हे त्याला ओळखता येत नव्हतं. शोधू का, असं ते विचारत होतं. ह्याला तुम्ही इतकी वर्षं व्हय म्हणत आलात, अण्णा. मी नको म्हणालो. चौकट गेली आणि तिच्यामागे माणसं होती.

फाइलींच्या बारीक चित्रांच्या सरळ रांगा, आणि प्रत्येकीखाली नाव. 'कैलासवासी' कुठेच नव्हतं, नुसतं नाव. आबा, ज्यांना मी सकाळी कुर्डुवाडीच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. पिठाच्या गिरणीचे मालक. शाळेतले माझे हेडमास्तर, जे अजून रोज किल्ल्याला फेरी मारतात आणि भेटेल त्याच्या इंग्रजीची परीक्षा घेतात. खाटीक गल्लीतले चाचा. बाळंतपणात गेली गेली म्हणून आशा सोडलेली माळ्याची सून. सगळी हिंडती-फिरती, भांडती, उधारी बुडवती माणसं, आणि सगळ्यांचे मरणाचे बोर्ड तयार. वहिनी पुढे आल्या नाहीत. मनीषा आली, आणि एकेक नाव वाचत तिचा आवाज बारीक होत गेला.

सुमन होती. तिसऱ्या रांगेत.

मी तो बोर्ड उघडला नाही. तुम्ही तिच्यासाठी कोणतं विशेषण वापरलंत हे बघायची फार इच्छा झाली. इतरांना तुम्ही 'कर्तव्यदक्ष' आणि 'प्रेमळ' सरसकट वाटायचा आणि आपलं त्यावरून वाजायचं. पण नाही उघडला.

तिच्याशेजारी 'सर' असं एक नाव होतं.

मला कधी कुणी बार्शीलाही नेलेलं नाही, अण्णा. साधा ताप आला तरी मी कामावर जायचो. मी त्या दोन अक्षरांकडे बघत राहिलो. मनीषाही बघत राहिली. मग तीच म्हणाली, "बाबांचा दिसत नाही." आम्ही सगळ्या रांगा पुन्हा पाहिल्या. तुमचा फोटो होता, तिने उघडलेला, एका कोपऱ्यात. छान आहे. चष्म्यावरची चमकसुद्धा तुम्ही काढली आहे. पण बोर्ड नव्हता.

फोटो मनीषाला पेनड्राइव्हवर दिला. तिने विचारलं, "काका, मग दुरुस्त झाला का?" मी म्हणालो, "नाही. जुनं मशीन आहे, होत नाही ते." असं उत्तर देणाऱ्या मेकॅनिकांना मी जन्मभर नावं ठेवली. दुकान आता भाड्याने द्यायचं आहे. यंत्र ती भंगारात घालणार होती. ते मी मागून घेतलं. वहिनींनी ते स्वतः पुसून दिलं, मूर्ती पुसावी तसं, आणि तार गुंडाळू दिली नाही. "लोंबू द्या तशीच," म्हणाल्या.

घरी पुस्तकांच्या कपाटाशेजारी ते मांडत होतो तेव्हा सुमन मागे येऊन उभी राहिली. मी तिला काही सांगणार नव्हतो. कसं सांगायचं असतं हे?

"दुसरा मॉनिटर पुन्हा माळ्यावर टाकलात वाटतं," ती म्हणाली.

"लागत नाही तो."

"टिक नाही ना काढली?"

मी वळून पाहिलं. घरी मी टिकेचं नाव कधी काढलं नव्हतं.

"अण्णांनी सांगितलंय मला सगळं," ती म्हणाली. "डाळिंबं घेऊन आले होते बघा. तुम्ही आत चहा टाकत होता. रडायला लागले. म्हणाले, वहिनी, माझ्या हातून तुमचा बोर्ड झालाय, आता पुसता बी येईना. मी म्हटलं, मग राहू द्या की. मी बसलेय ना इथं तुमच्यापुढं."

"तुला भीती नाही वाटली?"

"मला कशाला? बिचारे तेच घाबरले होते."

"आणि माझा?"

"तुमचा मी ठेवायला लावला." ती कापडाने कपाटाची कड पुसत होती, जिथे धूळ नव्हती. "म्हटलं, बार्शीला न्यायची वाट कशाला बघायची? जागा आहे तर राहू दे दोघांचं शेजारी. फोटोपण मीच दिला. आपल्या लग्नातला."

"लग्नातला? चाळीस वर्षांपूर्वीचा?"

"त्यानंतरच्या एका तरी फोटोत हसलाय का तुम्ही?"

मी वाकून तार मोकळी सोडली. तिने विचारलं, "अण्णांचा आहे का तिथं?"

"नाही."

"हं," ती म्हणाली. "त्यांचा कोण ठेवणार होतं म्हणा."

तेव्हा मला ती ॲम्ब्युलन्स आठवली. भर दुपार होती, बार्शीहून तुम्हाला सोलापूरला हलवत होते. वहिनी पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे तुमच्याजवळ. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. तुमचा उजवा हात चादरीवर होता. पहिलं बोट चादरीवर दाबून तुम्ही हात हळूहळू उजवीकडे सरकवत होता, स्ट्रेचरच्या कडेपर्यंत. मग उचलून पुन्हा मधे आणायचा. पुन्हा दाबून, पुन्हा उजवीकडे. तुमचे डोळे उघडे होते आणि माझ्याकडे होते.

नर्स म्हणाली, "काका, त्यांचा हात धरा जरा, सलाइन निघंल." मी तुमचा हात धरला अण्णा, आणि सोलापूर येईपर्यंत हलू दिला नाही.